बाहेरची कडी

गुण्यामिस्त्रीचा दिवस सव्वापाचला सुरू व्हायचा, आणि त्याला कारण होतं. साडेसात वाजले की आजूबाजूचे कारखाने चालू होत, विजेचा दाब पडे आणि वेल्डिंगची कांडी पत्र्याला चिकटून बसे. सकाळच्या त्या दोन तासांत ठिणगी एकसारखी पडते, टाका खोल जातो. म्हणून जोडकामं सकाळी, कापाकापी दुपारी, रंग संध्याकाळी. तीस वर्षं त्याने हा क्रम मोडला नाही. अंगात ताप असला तरी नाही, सासरे वारले त्या दिवशीही नाही. बायको म्हणायची, "माझ्या बापाने मरायच्या आधी तुमचं व्होल्टेज विचारून घ्यायला हवं होतं."

त्याच्या मागच्या खिशात कायम गुण्या असायचा, काटकोन तपासायची लोखंडी पट्टी. त्यावरून नाव पडलं. चौकट एक सूत जरी तिरकी बसली तरी तो ती कापायचा आणि पुन्हा जोडायचा, स्वतःच्या खर्चाने, स्वतःलाच शिव्या घालत. गिऱ्हाईक म्हणे, "अहो मिस्त्री, कुणाला दिसतंय?" तो म्हणे, "मला."

अशा माणसाने सोळा बायकांचा तुरुंग बांधला. तोही एक सूत न चुकता.

गल्लीच्या टोकाला एक दुमजली इमारत होती. खाली हातमोज्यांची खोकी, वर शिवणयंत्रं बसवायची होती. मालक कधी दिसायचा नाही, सगळा कारभार मुकादमाच्या हाती. मुकादम गोड बोलायचा, कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि बोलताना किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवायचा. वरच्या मजल्याला लोखंडी दार आणि चार खिडक्यांना गज हवेत म्हणाला. माल चोरीला जातो.

मिस्त्रीने जाऊन मापं घेतली. खोली रिकामी होती, भिंतींना नुकताच चुना दिलेला. कुठल्याही दाराला विचारायचा तो प्रश्न त्याने विचारला, "कडी आतून की बाहेरून?"

"बाहेरून."

"आणि आतून?"

"आतून कशाला? माल काय आतून कडी लावून बसतो?" मुकादम हसला. मिस्त्रीही हसला.

खिडक्यांचं बोलताना मुकादम म्हणाला, "गज जवळजवळ घ्या. आणि स्क्रूची डोकी आतल्या बाजूनेही वेल्डिंगने बुजवून टाका."

आता चोर येतो बाहेरून. आतली डोकी बुजवायचं काय कारण? शेंबडं पोरही हे विचारेल. मिस्त्रीने विचारलं नाही. त्याच्या मनात आलं ते एवढंच, की याला कामातलं कळतं. तीस वर्षं लोक त्याला म्हणत आले, हे नको, ते नको, स्वस्तात बसवा. पहिल्यांदा कुणीतरी जास्तीचं काम मागत होतं. कारागिराला कौतुकाची भूक असते, आणि भुकेला माणूस वास घेत बसत नाही.

दार त्याने जीव ओतून केलं. जाड पत्रा, तीन बिजागऱ्या, आडवी कडी हाताच्या मनगटाएवढी. मुकादमाने घासाघीस न करता सगळे पैसे एकदम दिले. ते मिस्त्रीने डब्यात टाकले. नव्या वेल्डिंग मशीनसाठी तो दोन वर्षं त्या डब्यात पैसे साठवत होता. जुनं मशीन तापलं की बैलासारखं बसायचं.

"एक पैसा कमी केला नाही?" बायको म्हणाली. "मग काहीतरी काळंबेरं आहे."

"सगळी दुनिया तुझ्यासारखी भाजीवालीच्या मुळावर उठलेली नसते," मिस्त्री म्हणाला, आणि विषय संपला.

चार महिन्यांनी, एका सोमवारी, मुकादम दुकानात आला. "मिस्त्री, दार लटकलं हो तुमचं."

मिस्त्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "माझं दार लटकत नाही."

"या तर खरं. डोळ्यांनी बघा."

हातातलं काम टाकून तो निघाला. पैशासाठी नाही, अब्रूसाठी. इमारतीचा बाहेरचा जिना चढताना मनात शिव्यांची रांग लावून ठेवली होती, कुणी यंत्र चढवताना आपटलं असेल, कुणी खोकी रेटली असतील त्यांच्यासाठी. दारापुढे उभा राहिला आणि रांग मोडली.

दार बाहेर उघडणारं होतं. खालच्या बाजूला, बिजागरीजवळ, पत्र्याला ताटाएवढा फुगवटा आला होता. आतून बाहेर आलेला. हातोडीचा घाव टोकदार असतो. हा बोथट होता, एकाच जागी शेकडो वेळा बसलेला. मिस्त्रीने जन्मभर पत्रे टाचेने सरळ केले होते. टाचेची खूण त्याला सांगावी लागत नव्हती. खालच्या बिजागरीचा खिळा तर घासून चकचकीत झाला होता. फटीतून चमच्याचा दांडा घालून कुणीतरी रोज थोडं थोडं कोरत होतं.

माल लाथा मारत नाही.

त्याने आत पाहिलं. सोळा यंत्रं, सोळा वाकलेल्या माना. प्रत्येक यंत्राच्या मागे गुंडाळलेलं अंथरूण. कोपऱ्यात पडद्याआड बादली. दोरीवर कपडे, तेही आतच वाळत घातलेले. जमिनीवर घोट्यापर्यंत कापसाचा भुसा. एक दार, कडी बाहेरून. चार खिडक्या, गज त्याच्या हातचे. एक ठिणगी पडली तर काय होईल हे त्या अख्ख्या गल्लीत त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

"ए सात नंबर, पंखा इकडे वळव," मुकादम ओरडला. तिथे यंत्राच्या नंबरानेच हाक मारायची पद्धत होती. दाराजवळच्या यंत्रावरची एक मुलगी उठली, असेल अठरा-एकोणीस वर्षांची, पंखा वळवून पुन्हा बसली. तेवढ्यात मुकादमाचा फोन वाजला. तो चार पायऱ्या उतरून बोलायला लागला.

मुलीने मान वर केली नाही. यंत्र चालूच ठेवलं. त्या आवाजाखाली विचारलं, "दार तुम्ही केलंत?"

"हो."

"चांगलं केलंत. दीड महिना लाथा मारतेय."

मिस्त्रीला आयुष्यात पुष्कळ शाबासक्या मिळाल्या होत्या. ही त्याच्या बरगडीत रुतून बसली.

"घरी जात नाही तुम्ही?" त्याने विचारलं, आणि प्रश्न तोंडातून बाहेर पडल्यावर स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटली.

"मावशीच्या ओळखीतल्याने आणलं. नोकरी आहे म्हणाला. कागदपत्रं, फोन, सगळं मुकादमाने ठेवून घेतलं. उचल फिटेपर्यंत बाहेर नाही, म्हणतो. उचल घेतली कुणी, देव जाणे, आम्ही तर तोंडही बघितलं नाही तिचं." तिने दाताने दोरा तोडला. "काका, शुक्रवारी आम्हाला हलवणारेत. लांब कुठेतरी. तिथे यंत्रं नाहीत, एवढंच कळलंय."

पायऱ्यांवर पावलं वाजली. मिस्त्री बिजागरीकडे वळला.

"काय म्हणतंय दार?" मुकादमाने विचारलं.

"तिन्ही बिजागऱ्या गेल्या," मिस्त्री म्हणाला. आवाज कोरडा निघाला याचं त्यालाच नवल वाटलं. "एकटी खालची बदलून बसणार नाही. उद्या नव्या घेऊन येतो. तोवर साखळी घाला."

दुकानात येऊन त्याने घण काढला, गॅसकटरची नळी खांद्यावर टाकली. बायको इस्पितळात आया होती, नुकतीच कामाची पाळी संपवून आली होती. त्याचं तोंड बघून ती दारातच आडवी उभी राहिली. त्याने सगळं सांगितलं. सांगताना दोनदा भिंतीवर मूठ आपटली.

"आणि आता घण घेऊन कुठे?"

"कापतो दार. मी लावलं, मीच कापतो."

"कापाल हो. सोळा जणी रस्त्यावर येतील. हातात कागद नाही, पैसा नाही, इथलं कुणी ओळखीचं नाही. संध्याकाळपर्यंत गोळा करून पुन्हा आत टाकतील, आणि तुम्हाला घरफोडीत. मग नवं दार कोण करेल? दुसरा मिस्त्री."

"मग चौकीवर जातो."

"उन्हाळ्यात त्या मुकादमाच्या टेबलाशी पंख्याखाली चौकीतलाच हवालदार बसलेला असतो, असं कोण म्हणालं होतं मला?"

मिस्त्रीने नळी खांद्यावरून उतरवली. घण मात्र खाली ठेवला नाही.

"आमच्याकडे बायकांच्या संडासात दाराच्या आतल्या बाजूला कोंडून ठेवलेल्या बायकांना सोडवणाऱ्या संस्थेचा नंबर लावलाय," बायको म्हणाली. "तिथेच लावलाय, कारण तेवढ्याच जागी बाईबरोबर कुणी येत नाही. मी रोज तो पुसते. पाठ झालाय."

फोन एका बाईने उचलला. मिस्त्रीला वाटलं होतं, ती हळहळेल, अरेरे म्हणेल. तिने मापं विचारली. माणसं किती? जिने किती? दार आत उघडतं की बाहेर? किल्ली कुणाकडे? मागच्या बाजूला काय? गाडी कुठे लागते, किती वाजता? शुक्रवार कोण म्हणालं? मिस्त्रीने मापांची वही काढली आणि सगळं इंचात सांगितलं. असं काम करणारं माणूस भेटलं की त्याचा जीव थाऱ्यावर यायचा.

"कुणाला बोलू नका, शेजाऱ्यालाही नाही," ती म्हणाली. "मुकादमाला अंगावर घेऊ नका. काम नाकारलंत तर त्याला संशय येईल आणि तो आजच हलवेल त्यांना. उद्या नेहमीसारखे जा. आम्हाला वरच्या कार्यालयातले पोलीस आणि कामगार खात्याचे अधिकारी आणावे लागतील. गुरुवारी सकाळी येतो."

"गुरुवारी म्हणजे किती वाजता?"

"दहाला."

"ताई, दहा म्हणजे दहा."

मंगळवारी त्याने आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. तिन्ही बिजागऱ्या नव्या आणल्या, आणि मुकादम समोर उभा असताना कच्च्या बसवल्या. जिथे चार बोटं लांब टाका घालायचा तिथे वाटाण्याएवढे दोन टिपके. त्यावर पुट्टी भरली, कानसीने गोल केली, वरून रंग मारला. दिसायला इतकं सुंदर काम त्याने आधी केलं नव्हतं. हात मात्र सारखा लांब टाक्याकडे ओढ घेत होता. तीस वर्षांची सवय मोडत होती. हाताला खोटं बोलायला शिकवणं सोपं नसतं.

रंगात घालायला टर्पेंटाइन हवं म्हणून त्याने मुकादमाला खाली पाठवलं. मिनिटभर मिळालं.

"गुरुवारी सकाळी खाली पोलिसांचा आवाज येईल," तो सात नंबरला पटपट म्हणाला. "त्यानंतर मार. नेहमीच्याच जागी. त्याआधी बोटही लावू नकोस."

"आधी मारलं तर?"

"दार पडेल. पण खाली आपलं कुणी नसेल."

यंत्र थांबलं. मुलीने पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. "आणि कुणी आलंच नाही तर?"

मिस्त्रीने ब्रश खाली ठेवला. "तर मी येईन. घण घेऊन."

संध्याकाळी त्याने फोनवरच्या बाईला हे सांगितलं. ती म्हणाली, "हे मी सांगितलं नव्हतं."

"नव्हतं," मिस्त्री म्हणाला.

"तिने आजच मारलं असतं तर? मुकादमाने पुट्टी खरवडली असती तर? सोळा जणींचा जीव आहे, दादा. पुन्हा असं परस्पर काही करायचं नाही."

हे बोलणं त्याने ऐकून घेतलं. बरोबर होतं.

गुरुवारी दहाला दहा मिनिटं कमी असताना तो समोरच्या चहाच्या टपरीवर बसला. जवळ यायचं नाही अशी त्याला ताकीद होती. दहा वाजून पाच मिनिटांनी दोन गाड्या आल्या. मुकादम खालच्या दारातच उभा होता. हात जोडून, हसून त्याने सगळ्यांसाठी खुर्च्या मागवल्या. वर गोदाम आहे, म्हणाला. कुलपाची किल्ली मालकाकडे, मालक बाहेरगावी. बोटावरचा जुडगा आज कुठेच दिसत नव्हता.

अधिकारी वर गेले. दार ठोठावलं. आत यंत्रं बंद, शुकशुकाट. बोललात तर पोलीस तुम्हालाच आत टाकतील, असं त्या बायकांना महिनोन् महिने पढवलेलं होतं. खाली येऊन एक अधिकारी म्हणाला, "मालकाला फोन लावा. येऊ दे. पंचनामा करून मग कुलूप तोडू."

टपरीवर मिस्त्रीने ग्लास इतका आवळला की चहा बोटांवर आला. मालकाला फोन म्हणजे मालकाला सूचना. मार, तो मनात म्हणाला. मार गं बाई. कशाची वाट बघतेस?

धाड.

अख्ख्या गल्लीने वर पाहिलं.

धाड. धाड. मिस्त्री मोजत होता. चौथ्या लाथेला खालची बिजागरी सुटली, सहाव्या लाथेला मधली. सातव्या लाथेला वरची गेली आणि ते अजस्र दार बिजागरीच्या बाजूने निखळून कडीवर लोंबकळलं. कडी शेवटपर्यंत निघाली नाही. ती जुन्या कामातली होती.

फटीतून पहिली सात नंबर बाहेर आली. लंगडत होती, पण स्वतःच्या पायांनी. तिच्यामागे बाकीच्या, उन्हाने डोळे मिचकावत. मिस्त्रीने मोजल्या. सोळा. त्यातली एक तेरा वर्षांची होती. यंत्राच्या पायटीपर्यंत पाय पुरावेत म्हणून तिला खोक्यावर बसवत.

गल्ली गोळा झाली. टपरीवाला म्हणाला, "मला वाटायचंच काहीतरी."

"मलाही," शेजारचा गिरणीवाला म्हणाला. "रोज एवढं दळण जायचं वर, पण खाणारं तोंड कधी खाली दिसलं नाही."

मिस्त्री उसळला. "वाटत होतं ना? मग तोंडात काय गूळ धरला होता? चार महिने! तुझ्या पिठाच्या गोणीने तुला सांगितलं, तरी कानात बोळे घालून बसलास!"

"आम्हाला काय बोलतोस? दार कुणी केलं?"

"मी केलं! पैसे मोजून घेऊन केलं. म्हणून तर बोलतोय. मला तर वाटलंही नव्हतं, मी तुझ्यापेक्षा गाढव!"

टपरीवाला ग्लास विसळायला लागला.

पुढचं काम दार पाडण्यापेक्षा जड निघालं. पोलिसांचा खबऱ्या म्हणून मिस्त्रीची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. कोर्टात अकरा तारखा पडल्या. त्यातल्या सात पुढे ढकलल्या, कधी वकील नाही, कधी साहेब रजेवर. प्रत्येक तारखेला तो सव्वापाचला उठायचा, दोन तास काम करायचा, हात धुऊन बस पकडायचा आणि दिवसाची मजुरी बुडवून कोर्टाच्या बाकावर बसायचा. एकदाही उशिरा गेला नाही. शेवटी उभं केलं तेव्हा मुकादमाच्या वकिलाने विचारलं, "दार तुम्हीच केलं?"

"हो."

"कडी बाहेरून तुम्हीच लावली? मोबदला घेतला?"

"हो. पूर्ण."

"आणि नंतर मुद्दाम कच्चं काम करून माझ्या अशिलाला फसवलंत?"

"हो," मिस्त्री म्हणाला. "तीस वर्षांत एकदाच. पुट्टीखाली वाटाण्याएवढे दोन टिपके होते. हवं तर दार आणा, दाखवतो."

मुकादम आत गेला. मालक जामिनावर सुटला आणि अजून सुटलेलाच आहे. त्याने दुसऱ्या कुठल्या गल्लीत दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीकडून दार करून घेतलं नसेल, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं. हे आठवलं की गुण्यामिस्त्री आजही कांडी मोडतो.

प्रश्न मात्र त्याने बदलला. कडी आतून की बाहेरून, हे विचारून झालं की दुसरं विचारतो, "आत कोण असणार?" माणसं असणार म्हटलं की आतून कडी लावतो, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी. जे फारच नको म्हणतं त्याचं काम घेत नाही आणि संध्याकाळी त्या फोनवरच्या बाईला कळवतो. कांड्या विकणाऱ्या दुकानात जमणाऱ्या इतर वेल्डरांनाही त्याने हे सांगितलं. बरेच हसले. "मिस्त्री, आपण लोखंड जोडायचं, लोकांची कुंडली कशाला मांडायची?" दोघे हसले नाहीत. त्यांतल्या एकाने दोन महिन्यांनी येऊन नंबर लिहून नेला.

सोळांपैकी अकरा जणी घरी गेल्या. तेरा वर्षांचीला सरकारी वसतिगृहात ठेवलं. एकीचा पत्ता राहिला नाही. तिघी याच शहरात राहिल्या, त्यांत सात नंबर. तिने तिचं खरं नाव मिस्त्रीला सांगितलं आहे. ते इथे लिहायचं कारण नाही. मिस्त्रीच्या बायकोने तिघींना इस्पितळाच्या धुलाईघरात चिकटवलं. खोली मिळत नव्हती. कागद नसलेल्या तीन एकट्या बाया म्हटल्यावर घरमालक दुप्पट अनामत मागत.

मिस्त्रीने डबा उतरवला. तारखांनी तो निम्मा खाल्ला होता. उरलेल्यात नवं मशीन येणार नव्हतं, पण अनामत बसत होती. डब्याला झाकण लावून बायकोने तो पुन्हा फळीवर ठेवला, रिकामा.

अनामत देऊन थोडे पैसे उरले. त्यातून त्याने बारा इंची कडी आणि चार लांब स्क्रू आणले. लाकडी दाराला आतून बसवली, गुण्या लावून तपासली.

"लाथ मारून बघू?" सात नंबरने विचारलं.

"मार की. पण बाहेरून."

ती बाहेर गेली. आतल्या दोघींनी कडी लावली. तिने जोर लावून सात लाथा मारल्या. दार हललं नाही.